पाच टनांचा हट्ट

मी मिरजेचा. आमचे आजोबा पंढरपूरच्या छोट्या गाडीला शेवटपर्यंत 'बार्शी लाइट'च म्हणायचे. तिचा कर्ता एव्हरार्ड कॅलथ्रॉप मला भेटला तो मात्र हॉस्टेलवर, रेल्वेच्या पेपरची घोकंपट्टी करताना!

जन्म १८५७, इंग्लंड. १८८२ साली जीआयपी रेल्वेत लोको इन्स्पेक्टर म्हणून आला. हलके रूळ स्वस्त पडतात, पण जड चाकाखाली लवकर दबतात, झिजतात. मग रूळ जाड करा, असं कुणीही सांगेल. या पठ्ठ्यानं गणितच उलटं मांडलं. इंजिन असो की मालडबा, एका ॲक्सलवर पाच टनांपेक्षा जास्त भार नको. वजन वाढलं? ॲक्सल वाढवा! म्हणून डब्यांना बोगी आणि इंजिनाला एकत्र जोडलेली आठ चाकं. अडीच फुटी गेजवर १८९७ साली कुर्डुवाडी-बार्शी गाडी धावली.

पुढे त्यानं वैमानिकांसाठी पॅराशूटही बनवलं, पण ते पुन्हा कधीतरी.

लाइन मिरजेला पोचली १९२७ साली. त्याच वर्षी तो गेला. आता तिथे ब्रॉडगेज आहे आणि भरलेल्या मालडब्याच्या एकेका ॲक्सलवर वीस टनांहून जास्त भार असतो.