गणितात अडलेले राम गणेश गडकरी

गणिताचा पेपर आठवला की आजही पोटात गोळा येणारे आपल्या स्नेहमेळाव्यात पुष्कळ भेटतील. ज्यांचे नाटक आणि कविता आपल्याला मराठीच्या तासाला शिकवली गेली, ते राम गणेश गडकरी याच विषयात नापास झाले होते.

गडकरींचा जन्म 26 मे 1885 रोजी गुजरातेत नवसारीला झाला. सुरुवातीचे शिक्षण गुजरातीत झाले. 1893 साली वडील गेले, घर उघडे पडले आणि कुटुंब आधी कर्जत व पुढे पुणे असे फिरत राहिले. ज्या भाषेवर पुढे त्यांनी राज्य केले ती त्यांना शाळेत तशी उशिराच मिळाली. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी शालेय शिक्षण संपवून ते फर्ग्युसन कॉलेजात दाखल झाले.

पहिल्याच वर्षाच्या परीक्षेत गणिताने घात केला. आज दहावीला 'बेस्ट ऑफ फाइव्ह'मध्ये कच्चा विषय टक्केवारीतून गळतो, अकरावीला कला शाखा घेतली की गणित मागे सुटते, पुढे कॉलेजात एटीकेटी असते. तेव्हा यातले काही नव्हते. भाषेत कितीही हुशारी असली तरी तिचे गुण उचलून गणिताच्या रकान्यात टाकता येत नसत. गडकरींनी कॉलेज सोडले, ते कायमचे.

गणितात नापास झाले म्हणून ते नाटककार झाले, असे सांगण्याची आपल्याकडे हौस आहे. मला ते पटत नाही. डिग्री नसल्याची किंमत त्यांनी मोजली. पोटासाठी ते किर्लोस्कर नाटक मंडळीत शिरले. तिथे लहान नटांना शिकवणारे मास्तर म्हणून राहिले, पडेल ते काम केले. पण मंडळीत नाटक रोज डोळ्यांसमोर होते, आणि श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांसारखा गुरू लाभला. कॉलेजात जे शिकायचे राहिले त्याहून वेगळे शिक्षण इथे झाले, तेही दिवसरात्र.

1912 साली 'प्रेमसंन्यास' आले, 1916 साली 'पुण्यप्रभाव'. कविता 'गोविंदाग्रज' या नावाने, विनोदी लेख 'बाळकराम' या नावाने. एक माणूस तीन नावांनी लिहीत होता, आणि तिन्ही नावे वाचकांच्या तोंडी होती. 'एकच प्याला'तला सुधाकर आठवून पाहा. तो शिकलेला, बुद्धिमान वकील. सनद काही काळासाठी रद्द होते, तो अपमान त्याला सोसवत नाही आणि तो दारूकडे वळतो. कागदावरचा मान काढून घेतला की माणूस आतून कसा ढासळतो, हे गडकरींनी इतके नेमके कसे ओळखले, याचे उत्तर मला त्यांच्या त्या अर्धवट राहिलेल्या शिक्षणात दिसते. हा माझा तर्क आहे, एवढेच.

शेवटी क्षयाने त्यांना गाठले. नागपूर जिल्ह्यातल्या सावनेरला आजारपणातच त्यांनी 'भावबंधन' हातावेगळे केले. 'राजसंन्यास' अपुरेच राहिले. 23 जानेवारी 1919 रोजी, वयाच्या अवघ्या तेहतिसाव्या वर्षी, ते तिथेच वारले. पुढच्याच महिन्यात बडोद्याला गंधर्व नाटक मंडळीने 'एकच प्याला'चा पहिला प्रयोग केला. बालगंधर्व सिंधूच्या भूमिकेत होते. तो प्रयोग बघायला गडकरी नव्हते.