शोकोला (विदूषक)

शोकोला (मूळ नाव: राफाएल, जन्म: इ.स. १८६८ च्या सुमारास, हवाना, क्युबा. मृत्यू: ४ नोव्हेंबर, इ.स. १९१७, बोर्दो, फ्रान्स) हे फ्रान्समधील विख्यात कृष्णवर्णीय सर्कस-विदूषक होते. गुलामगिरीत जन्मल्यामुळे त्यांना आडनावही नव्हते. बालपणीच त्यांना एका स्पॅनिश व्यापाऱ्यास विकण्यात आले. स्पेनमध्ये त्यांनी मालकाच्या घरातून पळ काढला व मजुरी पत्करली. पुढे टोनी ग्राइस या इंग्रज विदूषकाने त्यांना नोकर व साहाय्यक म्हणून ठेवून इ.स. १८८६ मध्ये पॅरिसच्या 'नूवो सिर्क'मध्ये आणले. 'शोकोला' म्हणजे चॉकलेट. हे नाव त्यांच्या वर्णावरून पडले.

जॉर्ज फूटिट यांच्यासमवेतची त्यांची जोडी विशेष गाजली. पांढरा चेहरा रंगवलेले फूटिट हुकूम सोडीत, शोकोला मार खात आणि प्रेक्षक हसत. त्या हशात वर्णभेद होता, हे उघड आहे. तथापि कोलमडण्याचा अचूक क्षण साधणे हे शोकोलांचेच कसब होते. चित्रकार तुलूझ-लोत्रेक यांनी इ.स. १८९६ मध्ये त्यांना नृत्य करताना रेखाटले.

इ.स. १९१० च्या सुमारास जोडी फुटली. रुग्णालयांतील आजारी मुलांसमोरही ते खेळ करीत. सर्कशीच्या दौऱ्यावर असताना दारिद्र्यात त्यांचे निधन झाले. बोर्दो येथील दफनभूमीत निर्धनांसाठी राखलेल्या जागेत त्यांना पुरण्यात आले.