तेरा कोटींचा हिशेब

आपल्या जांब गावी शके १५३० साली रामनवमीस राणूबाई व सूर्याजीपंत ठोसर यांच्या पोटी नारायण जन्मले. तेच समर्थ रामदास. बाराव्या वर्षी बोहल्यावरून निघून ते नाशिकजवळ टाकळीस गेले. तेथे बारा वर्षांत तेरा अक्षरी राममंत्राचा १३ कोटी जप केला, असे परंपरा सांगते. मी भागाकार केला. रोजचा जप सुमारे २९,६६० आला. १०८ मण्यांच्या माळा १२,०३,७०३ होतात व वर ७६ मणी उरतात. अक्षरे १६९ कोटी. १६९ म्हणजे तेराचा वर्गच!

पुढे बारा वर्षे तीर्थाटन करून समर्थ घरी आले. तोवर रडून आईची दृष्टी गेली होती, असे सांगतात. चोवीस वर्षांचे दिवस ८,७६६. तेरा कोटींपुढे हा आकडा लहान. पण तो राणूबाईंनी मोजला.

शके १६०३ मध्ये समर्थ सज्जनगडावर समाधिस्थ झाले. जपाबरोबर त्या माउलीचे दिवसही आपण आठवावेत.