साताऱ्याहून परतलेला परीक्षार्थी

महर्षी धोंडो केशव कर्वे म्हटले की हिंगण्याचा आश्रम आणि महिला विद्यापीठ आठवते. अण्णांचा चरितार्थ मात्र तेवीस वर्षे फर्ग्युसन महाविद्यालयातील गणिताच्या अध्यापनावर चालला. शिक्षणाच्या या वाटेवरचा पहिला कडवट नकार त्यांच्या पदरी पडला तो साताऱ्यात.

साल १८७५. मराठी सहावीच्या सरकारी परीक्षेला वयाची सतरा वर्षे पूर्ण असणे आवश्यक होते. दापोलीजवळच्या मुरूडचा धोंडू त्या अटीत बसत होता. खराब हवामानामुळे मुंबईची बोट मिळेना, तेव्हा सोबत्यांसह तो कुंभार्ली घाटाने पायीच साताऱ्याला निघाला. भर पावसात सुमारे ११० मैल, अवघ्या चार दिवसांत! परीक्षा समितीच्या प्रमुखांना मात्र हा किरकोळ अंगाचा मुलगा सतरा वर्षांचा वाटेना. त्याला परीक्षेस बसू दिले नाही. पुढच्या वर्षी कोल्हापूरला तो ती उत्तीर्ण झाला.

१८८४ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून गणित घेऊन ते बी. ए. झाले. टिळकांनी सोडलेल्या गणिताच्या जागेवर गोखल्यांनी १८९१ मध्ये त्यांना पुण्यास बोलावले.

या विषयात विद्यार्थी हमखास अडखळतो तो घातांकाच्या जागी संख्येऐवजी अक्षर आले की. क्षच्या पाचव्या घाताला तिसऱ्या घाताने भागून बिनचूक वर्ग लिहिणारा मुलगा, क्षच्या (न + २) व्या घाताला न व्या घाताने भागायचे म्हटले की थबकतो. वास्तविक नियम तोच. पाया समान असला आणि तो शून्य नसला, की भागाकारात घातांकांची वजाबाकी करावयाची. न मधून न वजा होतो आणि क्षचा वर्ग उरतो. मग न सोळा असो वा सतरा. साताऱ्याच्या परीक्षकांना मात्र सोळा की सतरा हाच प्रश्न पडला होता!

अण्णांच्या घरी राहून शिकलेले त्यांचे आप्त रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ मध्ये केंब्रिजला सीनिअर रँग्लर झाले; तो मान मिळवणारे ते पहिले भारतीय. पुढे तेच फर्ग्युसनचे प्राचार्य झाले आणि अण्णांनी आपल्याच शिष्याच्या हाताखाली विनातक्रार काम केले. हिंगण्यात आश्रमाची झोपडी उभी राहिल्यावर तर दिवसा महाविद्यालयातील तास आणि संध्याकाळी सामान घेऊन हिंगण्याची पायपीट, असा त्यांचा क्रम होता. गणिताच्या पगारावरच हे सारे उभे होते.

१९१४ मध्ये ते निवृत्त झाले. ज्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे ते आजीव सदस्य होते, तिने १९१९ मध्ये सांगलीत विलिंग्डन महाविद्यालय काढले. तासगाव, वाळवा, खानापूर हे तालुके तेव्हा सातारा जिल्ह्यातच होते. तेथील मुलांना महाविद्यालयीन बीजगणितासाठी आता घाट ओलांडून पुणे गाठण्याची गरज उरली नाही.