लू गेरिग

अमेरिकेत बेसबॉल हा खेळ फार लोकप्रिय आहे. प्रतिपक्षाच्या गोलंदाजाने फेकलेला चेंडू गोल दांड्याने टोलवायचा आणि मैदानातील चार ठाण्यांना क्रमाने स्पर्श करीत धावायचे, म्हणजे एक धाव झाली. या खेळात नावलौकिक मिळविलेले वीर पुष्कळ झाले. परंतु ज्याची कथा आठवली की रसिकांचे मन आजही हेलावते, असा खेळाडू म्हणजे लू गेरिग.

लूचा जन्म १९ जून १९०३ रोजी न्यूयॉर्क शहरात झाला. त्याचे आईबाप जर्मनीहून आलेले होते. घरची गरिबी होती. चार मुलांपैकी लू एकटाच जगला. वडील वरचेवर आजारी पडत. म्हणून आई परक्यांकडे स्वयंपाकपाणी व धुणेभांडी करून घर चालवी. मुलाने शिकून इंजिनिअर व्हावे, अशी तिची फार इच्छा होती. त्याप्रमाणे लू कोलंबिया विद्यापीठात दाखल झालाही. परंतु पुढे घरात आजारपण आले आणि पैशाची निकड भासू लागली. तेव्हा १९२३ मध्ये त्याने शिक्षण सोडले आणि न्यूयॉर्कच्या 'यांकीज' या प्रसिद्ध संघाची नोकरी पत्करली.

पहिली दोन वर्षे त्याला मुख्य संघातून खेळण्याची फारशी संधी मिळाली नाही. अखेर २ जून १९२५ रोजी पहिल्या ठाण्याच्या रक्षकाची जागा त्याला मिळाली. ती त्याने जवळजवळ चौदा वर्षे सोडली नाही. ताप असो, बोट मोडलेले असो, पाठीत उसण भरलेली असो. सामन्याच्या दिवशी गेरिग मैदानावर हजर असेच. अशा रीतीने तो ओळीने २,१३० सामने खेळला. ३ जून १९३२ रोजी एकाच सामन्यात त्याने चार वेळा चेंडू मैदानाबाहेर टोलवला. त्याच्या काळात यांकीज संघाने सहा वेळा जगज्जेतेपद मिळविले. एवढा पराक्रम करूनही त्याच्या अंगी गर्वाचा लवलेश नव्हता. त्याच्याच संघातील बेब रूथ हा खेळाडू लोकांच्या गळ्यातील ताईत होता. रूथचा जयजयकार चाले आणि गेरिग मुकाट्याने आपले काम करी.

१९३८ पासून मात्र काहीतरी बिघडले. टोल्यातील जोर ओसरला. धावताना पाय अडखळू लागले. पुढच्या वर्षी एकदा त्याने अगदी साधा चेंडू अडविला आणि सोबत्यांनी त्याची मोठी वाहवा केली. ती वाहवा त्याच्या जिव्हारी लागली. एवढ्याशा गोष्टीचेही कौतुक व्हावे, इतके आपण मागे पडलो आहोत, हे त्याने ओळखले. २ मे १९३९ रोजी डेट्रॉइट येथे त्याने संघाच्या व्यवस्थापकाला आपले नाव वगळण्यास स्वतःच सांगितले. तो संघाचा कर्णधार होता. ज्या यादीत त्याचे नाव नव्हते, ती यादी पंचांच्या हाती देण्यास तोच मैदानात गेला. हे समजताच प्रतिपक्षाच्या प्रेक्षकांनीही टाळ्यांच्या गजरात त्याचा गौरव केला.

डॉक्टरांनी निदान केले, तो त्याचा छत्तिसावा वाढदिवस होता. स्नायूंना चालना देणाऱ्या मज्जातंतूंचा हळूहळू नाश करणारा तो रोग होता. त्याला समूळ बरे करणारे औषध आजही सापडलेले नाही. ४ जुलै १९३९ रोजी साठ हजारांवर लोक त्याला निरोप देण्यास जमले. कंठ दाटून आल्यामुळे प्रथम त्याला बोलवेना. मग त्याने आईबाप, पत्नी, सोबती, एवढेच नव्हे, तर मैदानाची निगा राखणारे कामगार यांचेही आभार मानले आणि आपण मोठे भाग्यवान आहोत, असे सांगितले. स्वतःच्या दुःखाचे रडगाणे त्याने गाइले नाही. २ जून १९४१ रोजी त्याचे निधन झाले. सोळा वर्षांपूर्वी त्याच तारखेस त्याला संघात जागा मिळाली होती.

दुसऱ्याच वर्षी त्याच्या जीवनावर चित्रपट निघाला. गेरिगची भूमिका गॅरी कूपर या विख्यात नटाने केली. कूपरला बेसबॉल खेळता येत नव्हता. शिवाय गेरिग डावखुरा होता आणि कूपर उजव्या हाताचा. एका जुन्या खेळाडूने त्याला दांडा धरण्यापासून धडे दिले; तरी खेळ जाणणाऱ्या रसिकांना उणीव दिसे ती दिसेच. परंतु अभिनय म्हणजे काही हातापायांची हुबेहूब नक्कल नव्हे. निरोपाच्या प्रसंगी कूपरने आक्रोश केला नाही की हातवारे केले नाहीत. गेरिगचा संयम त्याने नेमका ओळखला आणि शांतपणे, थांबत थांबत तो बोलला. म्हणूनच दांडा फिरविताना जे साधले नाही, ते त्याला येथे साधले. पुढे १९४३ मध्ये तो पॅसिफिक महासागरातील बेटांवर लढणाऱ्या सैनिकांच्या भेटीस गेला, तेव्हा सैनिकांनी त्याच्याकडे मागणी केली ती याच निरोपाच्या भाषणाची.

गेरिगचा सलग सामन्यांचा विक्रम छप्पन्न वर्षे टिकला. १९९५ मध्ये कॅल रिपकेन या खेळाडूने तो मागे टाकला. विक्रम आज ना उद्या मोडतात. त्याचे कोणी वाईट वाटून घेऊ नये. चौदा वर्षे जिवापाड जपलेली जागा संघाच्या हितासाठी स्वतःहून सोडताना गेरिगने जे धैर्य दाखविले, ते मात्र मोजता येत नाही आणि मोडताही येत नाही.