फ्रांट्स बोआस : एका भावी अध्यापकाची जडणघडण

अमेरिकेतील मानवशास्त्राला विद्यापीठीय शिस्तीचे रूप देणारे अध्यापक म्हणून फ्रांट्स बोआस यांचे नाव सर्वपरिचित आहे. आल्फ्रेड क्रोबर, एडवर्ड सपीर, रूथ बेनेडिक्ट, मार्गारेट मीड ही त्यांची शिष्यपरंपरा. भाषा व साहित्य यांच्या अभ्यासकांच्या दृष्टीने मात्र त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा, की हा अध्यापक घडला कसा? बोआस भाषाविचाराकडे वळले ते पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेतून. मनुष्य जे पाहतो आणि ऐकतो त्यात बाह्य वस्तूचा भाग किती व पाहणाऱ्या-ऐकणाऱ्याचा भाग किती, ही तेथे उद्भवलेली शंकाच पुढे त्यांच्या अध्यापनाचे मुख्य सूत्र ठरली.

बोआस यांचा जन्म ९ जुलै १८५८ रोजी वेस्टफालियातील मिंडेन या गावी एका ज्यू कुटुंबात झाला. घरात धार्मिक कर्मकांडाचे बंधन फारसे नव्हते. १८४८ च्या क्रांतीतील उदारमतवादी विचारांचा संस्कार मात्र दृढ होता. मातोश्री सोफी यांनी फ्रोबेलच्या पद्धतीची बालकशाळा मिंडेनमध्ये सुरू केली होती. हायडेलबर्ग, बॉन आणि कील या विद्यापीठांत शिक्षण घेऊन १८८१ मध्ये कील येथे त्यांनी डॉक्टरेट संपादन केली. प्रबंधाचा विषय होता पाण्याचा रंग.

पाण्यातून जाणाऱ्या प्रकाशाची तीव्रता ठरविताना निरीक्षकाला डोळ्यावर विसंबावे लागे. दोन प्रकाशांतील अल्प अंतर डोळ्याला कधी जाणवे, तर कधी न जाणवे. मोजमापातील ही अडचण दूर करण्याच्या प्रयत्नात असलेल्या बोआस यांना ती अडचणच अधिक विचारार्ह वाटू लागली. उद्दीपन आणि संवेदन यांच्या संबंधाचा शोध घेणाऱ्या फेख्नर यांच्या मनोभौतिकीकडे ते वळले आणि त्या विषयावर त्यांनी अनेक लेख प्रसिद्ध केले. पाहण्याची क्रिया केवळ डोळ्याची नसून तीत पाहणाऱ्याचे अवधान आणि पूर्वानुभव यांचाही वाटा असतो, हा त्या अभ्यासातून मिळालेला पहिला धडा होय.

त्यानंतर बोआस भूगोलाकडे वळले. भूप्रदेश आणि तेथील लोकांचे त्या प्रदेशाविषयीचे ज्ञान यांचा परस्परसंबंध तपासावा, या हेतूने १८८३ च्या उन्हाळ्यात त्यांनी उत्तर ध्रुवीय प्रदेशातील बॅफिन बेटाकडे प्रयाण केले. कंबरलँड उपसागराच्या परिसरात, त्या काळी एस्किमो या नावाने ओळखल्या जाणाऱ्या इन्युइट लोकांच्या सहवासात त्यांनी सुमारे वर्षभर काढले. बर्फाळ किनाऱ्याचे बारकावे स्मरणातून रेखाटणारे नकाशे इन्युइटांनी त्यांना काढून दिले. ज्यांच्या ज्ञानाची परीक्षा घ्यायची, त्यांच्याच ज्ञानावर परीक्षकाचा जीव अवलंबून होता. कारण हिवाळ्यातील प्रवासात वाट, निवारा आणि अन्न या तिन्ही गोष्टी त्यांच्यामुळेच लाभत होत्या.

श्रद्धांचे जगही तेथेच त्यांच्यापुढे उलगडले. समुद्रातील प्राण्यांची स्वामिनी सेडना हिच्या कथेशी निगडित असे अनेक विधिनिषेध तेथे पाळले जात. सीलचे मांस आणि कॅरिबू हरणाचे मांस एकाच दिवशी खाऊ नये, हा त्यांपैकी एक. परक्या निरीक्षकाला हे निर्बंध निरर्थक वाटावेत. परंतु समुद्रावरील शिकारीचा ऋतू आणि भूमीवरील शिकारीचा ऋतू यांत विभागलेल्या त्या जीवनक्रमात त्यांना सुसंगत स्थान होते. त्या वर्षी वस्तीत घटसर्पाची साथ उद्भवली, तेव्हा काही इन्युइटांनी तिचा संबंध या पाहुण्याच्या आगमनाशी जोडला. निरीक्षण करणारा स्वतःही इतरांच्या श्रद्धाविश्वातील एक घटक बनतो, याचा हा प्रत्यक्ष अनुभव होता. या मुक्कामावर आधारलेला ‘द सेंट्रल एस्किमो’ हा ग्रंथ १८८८ मध्ये प्रसिद्ध झाला.

मायदेशी परतल्यावर बोआस यांनी बर्लिनच्या वस्तुसंग्रहालयात आडोल्फ बास्टियान यांच्या हाताखाली काम केले. तेथे आणलेल्या बेला कूला जमातीच्या लोकांशी त्यांचा परिचय झाला आणि त्या ओढीने १८८६ मध्ये ते ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यावर गेले. पुढील वर्षी विवाह करून ते न्यूयॉर्क येथे स्थायिक झाले व ‘सायन्स’ या नियतकालिकाच्या संपादनकार्यात सहभागी झाले.

त्या काळच्या विद्वानांत असा समज रूढ होता, की अमेरिकेतील मूलनिवासींच्या भाषांतील ध्वनी अस्थिर असतात. एकच शब्द बोलणारा आज एका प्रकारे उच्चारतो, तर उद्या दुसऱ्या प्रकारे. ही अस्थिरता भाषेच्या अविकसित अवस्थेची खूण मानली जाई आणि भाषा अविकसित म्हणून ती बोलणारा समाजही अविकसित, असा निष्कर्ष काढला जाई. १८८९ मध्ये ‘अमेरिकन अँथ्रॉपॉलॉजिस्ट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या लेखात बोआस यांनी या समजाचा पायाच काढून घेतला.

त्यांच्या युक्तिवादाचा आरंभ शाळेच्या वर्गातून होतो, ही गोष्ट लक्षणीय आहे. विद्यार्थ्यांना शब्द सांगून लिहावयास लावले असता ते काही शब्द चुकीचे ऐकतात, असे एका प्रयोगात आढळले होते व त्याला ध्वनिअंधत्व असे नाव देण्यात आले होते. बोआस यांच्या मते हा कानाचा दोष नव्हे. अपरिचित ध्वनी कानी पडला, की श्रोता त्याला आपल्या परिचयाच्या निकटतम ध्वनीच्या कप्प्यात टाकतो. तो ध्वनी दोन कप्प्यांच्या मध्ये पडत असेल, तर कधी एका, कधी दुसऱ्या कप्प्यात टाकतो. पुरावा म्हणून त्यांनी स्वतःच्याच टिपणवह्या पुढे केल्या. बॅफिन बेटावर त्यांनी एकच शब्द निरनिराळ्या वेळी निरनिराळ्या प्रकारे लिहिला होता. इतर संग्राहकांच्या शब्दसूचींतही प्रत्येकाच्या मातृभाषेची छाया दिसत होती. अस्थिर होते ते लिहिणाऱ्याचे श्रवण. बोलणाऱ्याचा उच्चार आपल्या जागी स्थिर होता.

भारतीय वाचकाला या तत्त्वाचे उदाहरण शोधण्यासाठी दूर जावयास नको. एका द्राविड भाषेचे नाव मराठीत ‘तमिळ’ असे, तर हिंदीत ‘तमिल’ असे लिहिले जाते. आणि त्या भाषेतील मूळचा अंत्य ध्वनी यांपैकी कोणताच नाही. त्याचप्रमाणे ‘चार’ आणि ‘चारा’ यांतील भिन्न ‘च’कार मराठी भाषकाला सहज कळतात, लिपी मात्र ते वेगळे दाखवीत नाही आणि अन्य भाषकाला तो भेद जाणवेलच असे नाही.

याच वर्षी वुस्टर येथील क्लार्क विद्यापीठात बोआस यांच्या अध्यापनास आरंभ झाला. १८९६ मध्ये ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले व १८९९ मध्ये तेथे प्राध्यापक झाले. विद्यार्थ्याने परभाषेतील संहिता ती भाषा बोलणाऱ्याच्या मुखातून जशीच्या तशी उतरून घ्यावी, असा त्यांचा आग्रह असे. जॉर्ज हंट यांना त्यांनी क्वाक्वाला भाषा लिहिण्याची पद्धती शिकविली आणि हंट यांनी पुढे अनेक वर्षे हजारो पृष्ठे लिहून पाठविली.

तथापि जे तत्त्व त्यांनी शिकविले, त्याचे पालन त्यांच्याकडूनही सर्वत्र घडले नाही. १८९७ मध्ये संशोधक रॉबर्ट पिअरी यांनी ग्रीनलंडमधून सहा इन्युइट न्यूयॉर्कच्या वस्तुसंग्रहालयात आणले. हिवाळ्यापुरता एक इन्युइट आणावा, अशी सूचना त्या वेळी तेथे काम करणाऱ्या बोआस यांनीच केली होती. काही महिन्यांतच त्यांपैकी चौघे मृत्यू पावले. मृतांपैकी किसुक यांचा लहान मुलगा मिनिक याच्या समाधानासाठी दफनाचा देखावा करण्यात आला. पित्याचा सांगाडा मात्र संग्रहालयात राहिला. त्या चौघांचे अवशेष १९९३ मध्ये ग्रीनलंडला परत गेले. श्रद्धेचा अर्थ तिच्या संदर्भात शोधावा असे सांगणाऱ्या विद्वानाने एका बालकाच्या श्रद्धेचे मोल ओळखू नये, ही त्यांच्या चरित्रातील दुःखद नोंद होय.

१९११ हे वर्ष त्यांच्या विचारांच्या परिपाकाचे. ‘द माइंड ऑफ प्रिमिटिव्ह मॅन’ हा ग्रंथ आणि अमेरिकन इंडियन भाषांच्या माहितीकोशाचा पहिला खंड हे दोन्ही त्या वर्षी प्रसिद्ध झाले. खंडाच्या प्रस्तावनेत त्यांनी प्रतिपादिले, की प्रत्येक भाषेचे व्याकरण लॅटिनच्या साच्यात न बसविता त्या भाषेच्या स्वतःच्या कोटींनुसार मांडावे. क्वाक्वाला भाषेत वस्तू बोलणाऱ्याला दिसते की नाही हे सूचित करावे लागते. इंग्रजीत त्याची गरज नाही, पण एकवचन की अनेकवचन हे सांगावे लागते. प्रत्येक भाषा अनुभवाच्या काही अंगांची नोंद आवश्यक ठरविते, काहींची ऐच्छिक. याच प्रस्तावनेत एस्किमो भाषेतील बर्फवाचक चार शब्दमूलांचे उदाहरण आहे. पुढील लेखकांनी ती संख्या मन मानेल तशी फुगविली. बोआस यांनी त्यापुढे इंग्रजीतील जलवाचक भिन्न शब्दांचे उदाहरण ठेवून दोन्ही भाषांना एकाच पातळीवर बसविले होते, याचा मात्र विसर पडला.

वंशश्रेष्ठत्वाच्या कल्पनेविरुद्ध त्यांनी अखेरपर्यंत लेखणी चालविली. १९३३ मध्ये जर्मनीत त्यांचे ग्रंथ जाळण्यात आले. २१ डिसेंबर १९४२ रोजी कोलंबिया येथे सहकाऱ्यांसमवेत भोजन करीत असताना त्यांचे निधन झाले.

त्यांच्या पद्धतीचा एक प्रवाह भारतापर्यंत पोहोचला. सपीर यांचे शिष्य मरे बार्न्सन एमेनो १९३५ मध्ये भारतात आले. तोडा, कोटा, कोडगू आणि महाराष्ट्राच्या विदर्भ भागातही बोलली जाणारी कोलामी या भाषांचा त्यांनी बोलणाऱ्यांच्या मुखातून अभ्यास केला. त्यांचे कोलामीचे व्याकरण १९५५ मध्ये, तर भारत हे एक भाषिक क्षेत्र आहे असे प्रतिपादन करणारा निबंध १९५६ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या बोलींना लेखी वाङ्मय नाही, त्यांची गीते व कथा लिहून घेणाऱ्या प्रत्येक अभ्यासकाच्या वहीत आजही त्याच्या मातृभाषेचे संस्कार उमटतात. ते बोलीतील दोष समजले जाऊ नयेत, यासाठी प्रथम आपल्या कानाची परीक्षा घ्यावी, हा बोआस यांच्या अध्यापनाचा भारतीय अभ्यासकांसाठी असलेला आशय होय.