आग्नेस पोकेल्स

स्मरणिकेसाठी एखाद्या कर्तबगार स्त्रीचे चरित्र लिहून द्यावे, असे आमच्या चिटणीसबाईंनी सुचविले, तेव्हा राण्या आणि वीरांगना बाजूला ठेवून मी मुद्दाम आग्नेस पोकेल्स यांची निवड केली. द्रवांच्या पृष्ठभागाच्या शास्त्रात त्यांचे नाव मोठे आहे. पण महाविद्यालयाची पायरी त्या कधी चढल्या नाहीत.

त्यांचा जन्म १४ फेब्रुवारी १८६२ रोजी व्हेनिस येथे झाला. वडील ऑस्ट्रियाच्या सैन्यात होते. हिवतापाने त्यांची प्रकृती ढासळली आणि १८७१ साली कुटुंब जर्मनीतील ब्राउनश्वाइग शहरी येऊन राहिले. तेथील मुलींच्या शाळेत आग्नेसना पदार्थविज्ञानाची गोडी लागली. पुढे काय? विद्यापीठाचे दार मुलींना बंद. धाकटा भाऊ फ्रीड्रिख ग्योटिंगेनला शिकावयास गेला. तो पुस्तके पुरवी, तेवढेच त्यांचे उच्च शिक्षण. कालांतराने स्त्रियांना प्रवेश मिळू लागला, तेव्हा घरी आजारी आईवडिलांची शुश्रूषा होती, आणि त्यांच्या इच्छेखातर आग्नेसबाईंनी तो विचार सोडून दिला.

भगिनींनो, खरकट्या भांड्यांच्या पाण्यावर तेलाचा तवंग आपण रोज पाहतो. पाण्याच्या पोटातल्या कणाला शेजारचे कण सर्व बाजूंनी ओढतात. अगदी वरच्या कणाला मात्र ओढ लागते ती आतल्या बाजूची. म्हणून पाण्याचा पृष्ठभाग ताणलेल्या पडद्यासारखा वागतो, आणि स्निग्ध पदार्थ पसरला की तो ताण उतरतो. किती स्निग्धतेने किती उतरतो, हे मोजणे कठीण. कारण नुसते बोट लागले तरी पाणी मळते.

१८८२ च्या सुमारास, वयाच्या विसाव्या वर्षी, त्यांनी घरच्याघरी साधन तयार केले. ७० सेंटिमीटर लांब, ५ सेंटिमीटर रुंद आणि २ सेंटिमीटर उंच असे पत्र्याचे भांडे काठोकाठ पाण्याने भरावयाचे आणि त्यावर पत्र्याची एक पट्टी आडवी ठेवावयाची. पट्टी सरकवली की एका बाजूचा पृष्ठभाग आखडतो, दुसऱ्या बाजूचा पसरतो. आपण केर काढतो तसा पाण्यावरचा मळ पट्टीने एका बाजूला लोटताही येतो! ताण मोजण्यासाठी ६ मिलिमीटर व्यासाची लहानशी चकती तराजूला टांगून ती पाण्यापासून सुटावयास किती वजन लागते ते पाहावयाचे. त्यांना असे आढळले, की मळ विरळ असेतो ताण स्वच्छ पाण्याइतकाच राहतो. पृष्ठभाग एका ठरावीक मर्यादेपर्यंत आखडला, की तो एकदम उतरू लागतो. त्या क्षणी स्निग्ध पदार्थाचे रेणू खांद्याला खांदा लावून उभे असतात, प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे २० चौरस अँगस्ट्रॉम जागा, हा उलगडा पुढे झाला.

भांडी घासता घासता शोध लागला, असे त्यांच्याबद्दल कौतुकाने सांगतात. मला ते कौतुक अपुरे वाटते. भांडी सगळ्याच घासतात. घरकाम उरकून वर्षानुवर्षे वजने टिपून ठेवणे निराळे. आणि हे टिपण वाचणारे कोणी नव्हते.

१८९० साली इंग्लंडचे लॉर्ड रॅले यांनी असेच प्रयोग प्रसिद्ध केले. पाण्यावर कापराचे तुकडे भिरभिरतात, ते थांबविण्यास किती तेल पुरते हे त्यांनी मोजले होते. ते समजल्यावर आग्नेसबाईंनी जानेवारी १८९१ मध्ये त्यांना जर्मनमध्ये पत्र लिहिले. एवढा मोठा शास्त्रज्ञ. त्याला ते बाजूला टाकता आले असते, किंवा त्यातले हळूच आपल्या नावावर घेता आले असते. रॅले यांच्या पत्नीने पत्राचे भाषांतर केले आणि रॅले यांनी ते आग्नेसबाईंच्याच नावाने ‘नेचर’कडे धाडले. १२ मार्च १८९१ च्या अंकात ते छापून आले. माझ्या मते या चरित्रातले हे सर्वांत मोलाचे पान.

दोन वर्षांनी हॉलंडच्या व्हान डर वाल्स यांनी गणिताने दाखविले, की द्रव आणि वाफ यांच्यामध्ये रेघ आखल्यासारखी सीमा नसते, तेथे घनता क्रमाक्रमाने बदलत जाते. १९१७ साली अमेरिकेच्या लँगम्युअर यांनी आग्नेसबाईंच्याच धर्तीचे भांडे सुधारून वापरले. पृष्ठभागांच्या रसायनशास्त्राबद्दल १९३२ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. ते भांडे आज बहुधा त्यांच्याच नावाने ओळखतात.

त्याच वर्षी ब्राउनश्वाइगच्या तंत्रविद्यापीठाने सत्तर वर्षांच्या आग्नेसबाईंना सन्माननीय डॉक्टरेट दिली. फ्रीड्रिख १९१३ मध्येच गेला होता. २१ नोव्हेंबर १९३५ रोजी त्याच गावी त्यांचे निधन झाले.